तोडकर सरांचा हात

वैजू गेल्याचं मला फोनवर कळलं. मी मिरजेच्या दवाखान्यासमोर चहाच्या गाड्यापाशी उभा होतो. नर्सबाई म्हणाल्या होत्या, चादर बदलायची आहे, तोवर चहा घेऊन या. मी चहा सांगितला आणि फोन वाजला. नंबर दवाखान्याचाच होता. समोर इमारत दिसत होती, वैजूच्या खोलीची खिडकी दिसत होती, आणि तिथूनच फोन आला होता. लगेच या, म्हणाले. लगेच या म्हणजे काय ते मला समजलं. चहावाल्यानं कप पुढे केला होता. मी तो घेतला आणि पिऊन टाकला. का प्यायलो ते मला सांगता येत नाही.

दुपारी आम्ही गाडीची वाट बघत मागच्या बाजूला बसलो होतो. मेहुणा कागदांच्या मागे होता. तेव्हा तोडकर सरांचा फोन आला. त्यांना काही माहीत नव्हतं.

"जयवंत, वैजूला दे बरं जरा. हा कॉम्प्युटर मला ओळखत नाही म्हणतोय. सकाळपासून दारात उभं केलंय मला."

मी म्हणालो, "सर, वैजू गेली."

"कुठं गेली?"

थोड्या वेळानं त्यांचं त्यांना उमगलं. सरांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

तोडकर सर म्हणजे आमच्या जयसिंगपुरातल्या टायपिंग क्लासचे सर. पाचव्या गल्लीत त्यांचा क्लास होता. सरकारी टायपिंगची परीक्षा पास होऊन गावातला जो कोणी नोकरीला लागला, तो बहुतेक त्यांच्या हाताखालून गेलेला. वैजू आमच्या लग्नाआधी तिथं शिकली आणि लग्नानंतर तिथंच शिकवायला लागली. पुढे क्लास बंद पडला, सरांच्या पत्नी वारल्या, मुलगी शलाका बडोद्याला गेली. सर एकटे राहिले. तेव्हापासून दर गुरुवारी वैजू त्यांच्याकडे जायची. कॉम्प्युटरचं काही ना काही अडलेलं असायचंच. कधी शलाकाचे फोटो सापडत नसत, कधी गॅसचं बुकिंग दोनदा झालेलं असे.

क्लासचा एक नियम होता. शिकवणाऱ्यानं विद्यार्थ्याच्या कळांना हात लावायचा नाही. मागं उभं राहायचं आणि तोंडानं सांगायचं. वैजूनं तो नियम सरांनाच लावला होता. ती स्टुलावर हात मांडीत घेऊन बसायची आणि म्हणायची, "सर, वर बघा. अजून वर. आता उजवीकडे." पाच मिनिटांच्या कामाला तासभर लागे. मी बाहेर स्कूटरवर बसून हॉर्न वाजवायचो. एकदा मी तिला म्हटलं, तू पटकन करून का देत नाहीस? ती म्हणाली, मग पुढच्या गुरुवारी त्यांना काय येईल?

मी साखर कारखान्यात फिटर होतो. शेवटची काही वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली, त्यामुळे कॉम्प्युटरचं मला वावडं नाही. पण सवय फिटरचीच. हाताखालचा माणूस नट चुकीचा आवळत असेल, तर मी "दे इकडे" म्हणून पाना काढून घेणार. सांगत बसायला कारखान्यात वेळ कुणाला असतो?

हातओळख काय असते हे इथं सांगायला पाहिजे. आता पासवर्ड राहिले नाहीत. बोटाचे ठसे आणि चेहरे यांची नक्कल इतकी सोपी झाली, की तेही मागं पडले. आता कॉम्प्युटर माणसाला त्याच्या हाताच्या वागण्यावरून ओळखतो. एका कळीवरून दुसऱ्या कळीवर जायला बोटाला किती वेळ लागतो, कळ किती दाबली जाते, माउस सरळ जातो की वळसा घेतो, एखादी गोष्ट निवडायच्या आधी हात किती थबकतो, हे सगळं यंत्र मोजत राहतं. लांबून चेहरा दिसत नसला तरी चालीवरून माणूस ओळखू येतो, तसंच हे. आणि हात म्हातारा होत जातो, म्हणून यंत्रही रोज थोडं नवं शिकतं आणि थोडं जुनं सोडून देतं. बँक, औषधं, पेन्शन, सगळं त्या हातावर चालतं. हात ओळखला नाही, तर माणूस स्वतःच्याच घरात परका.

दहाव्याला सर रिक्षानं आले होते. गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर बसले. घासाला कावळा शिवेपर्यंत हात जोडून होते. त्यानंतर एका गुरुवारी मी त्यांच्याकडे गेलो. घरात बसवत नव्हतं, आणि गुरुवारी कुठं जायचं असतं हे पायांना ठाऊक होतं.

सरांनी भडंगाची वाटी पुढे केली आणि माझ्या मागं दाराकडे बघितलं.

"वैजू मागनं येतीय का?"

मी त्यांना पुन्हा सांगितलं. ते पुन्हा रडले. अगदी पहिल्यासारखे, म्हणजे ज्याला आत्ताच कळलं आहे तसे. मला वाटलं, वय झालं, धक्का बसलाय, होतं असं. मग त्यांनी डोळे पुसले आणि कॉम्प्युटर दाखवला. पडद्यावर लिहिलं होतं, हा हात ओळखीचा नाही, पुन्हा प्रयत्न करा. ते प्रयत्न करत होते. बोटं कळांवर नीट पडत होती, त्यात चूक नव्हती. पण एक शब्द झाला की हात वरच्या वर थांबे. मला बघवेना. मी म्हटलं, "द्या इकडे, सर."

मदतकेंद्रातून तात्पुरती परवानगी घेतली, यंत्र उघडलं, त्यांचं राहिलेलं सगळं भराभर करून टाकलं. सर बाजूला बसून बघत होते. म्हणाले, "फिटर, तुझं काम म्हणजे घण घातल्यासारखं. पण चालू झालं बघ."

दुसऱ्या खेपेला तसंच. तिसऱ्या खेपेला यंत्रानं फारशी कुरकूर केली नाही. पुढं पुढं मी बसलो की ते लगेच उघडायचं. सर स्वतः बसले तरी पहिल्यापेक्षा बरं चालायचं. मला वाटलं, आपण दुरुस्त केलं. मी गुरुवारशिवायही जायला लागलो. कधी दूध घेऊन, कधी नुसताच.

आणि प्रत्येक वेळी ते विचारायचे, वैजू कुठाय. मी आणखी एकदा सांगितलं. त्यांनी भिंतीला हात टेकला आणि खाली बसले. त्यांना उठवताना माझ्या मनात आलं, की हे मला परत जमणार नाही. माझं एकदा झालं आहे. यांचं रोज होतंय, आणि रोज मीच करतोय.

पुढच्या वेळी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "बाजारात गेलीय, सर."

"एवढ्या उन्हात?" सर म्हणाले. "तिला म्हणावं, येताना इकडं येऊन सरबत पिऊन जा."

मी बरं म्हणालो. आणि खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. आमच्या घरात तिच्या फोटोला हार होता. लोक बोलताना आवाज खाली घ्यायचे. मेहुणा म्हणायचा, भाऊजी, आता सावरा. सरांच्या घरात मात्र ती बाजारात गेली होती. तिच्याबद्दल आम्ही साध्या गप्पा मारायचो. ती भाजीवाल्याशी घासाघीस करते, तिला हिंग जास्त लागतो, ती फार हट्टी आहे. सर म्हणायचे, तुला ती कशी काय मिळाली रे, तुझा टायपिंगचा वेग तर काहीच नाही. मी हसायचो. संध्याकाळी घरी येऊन कुलूप मलाच काढावं लागायचं, पण दुसऱ्या दिवशी परत जायला जागा होती.

असं जवळजवळ अर्धं वर्ष गेलं. मग एके दिवशी यंत्र पूर्ण बंद पडलं. माझाही हात घेईना. पडद्यावर एवढंच, की मदतकेंद्राशी बोला.

मदतकेंद्रातल्या बाई, पल्लवी त्यांचं नाव, शांतपणे बोलणाऱ्या होत्या. मी यंत्राचं सगळं सांगितलं. त्यांनी नोंदी उघडून वाचल्या.

"काका, हे यंत्र कोण वापरतं?"

"तोडकर सर."

"आणि बिघडलं की नीट कोण करतं?"

"मी."

"करताना माउस कुणाच्या हातात असतो?"

मी म्हटलं, माझ्याच. दुरुस्त करणाऱ्याच्या हातातच हत्यार असणार की.

त्यांनी मग समजावून सांगितलं. यंत्राला वाटत होतं, सगळं सरच करत आहेत. म्हणून त्यानं माझा हात सरांच्या हातात मिसळला. माझा हात ठाम, सरांचा थबकणारा. दोन्हींची मिळून जी ठेवण तयार झाली, ती ना माझी ना त्यांची, पण ठीकठाक दिसणारी. आता एकाच नावाखाली दोन माणसं आहेत हे यंत्राच्या लक्षात आलं, म्हणून त्यानं दार लावून घेतलं.

मी म्हणालो, "मग नीट करा. चूक माझी, मान्य."

"एवढंच असतं तर फोनवरच केलं असतं," त्या म्हणाल्या. "हे थबकणं आहे ना, ते नुसतं वयाचं नसतं."

विसरण्याचा आजार डॉक्टरांना दिसायच्या खूप आधी हातात दिसतो, हे काही वर्षांपूर्वी कळलं आहे. बोटांची सवय टिकते, कारण ती मेंदूत वेगळीकडे साठवलेली असते. पण पुढं काय करायचं हे मनात धरून ठेवणं ढिलं पडतं. मग हात मध्येच थांबतो. अगदी क्षणभर. घरच्यांना ते कळत नाही. यंत्राला कळतं. म्हणून या सगळ्या यंत्रांमध्ये सोय केलेली आहे, की थबकणं एका हद्दीपलीकडं गेलं, की माणसानं नेमून दिलेल्या जवळच्या व्यक्तीला सूचना जाते. डॉक्टरांकडं न्यायचं काम तिचं. आता त्यावर औषध आहे. गेलेल्या आठवणी ते परत आणत नाही, पण नवी आठवण धरायला लागते. वेळेत सुरू केलं तर. उशीर झाला, तर दिलं काय आणि न दिलं काय सारखंच.

"सुरुवातीला दोन सूचना गेल्या होत्या," पल्लवीबाई म्हणाल्या. "नंतर तुमचा हात मिसळला आणि थबकणं झाकलं गेलं. ज्यांना सूचना गेल्या त्यांचं नाव वैजयंती शिरगुप्पे. त्या तुमच्या कोण?"

"बायको."

"मग त्यांनी तुम्हाला काही सांगितलं नाही?"

वैजूचा फोन बंद करून कपाटात तिच्या साड्यांखाली ठेवला होता. मी तसं सांगितलं. त्या सॉरी म्हणाल्या. मग म्हणाल्या, की माझा हात वेगळा करता येईल. मी सरांच्या यंत्रावर बसून एक उतारा माझ्या नावानं टाईप करायचा. माझी ठेवण कळली, की यंत्र मागच्या सगळ्या नोंदींतून मला वजा करेल. जे उरेल ते सरांचं. आणि सूचना आता दुसऱ्या नंबरवर जाईल, मुलीच्या.

"अर्ध्या तासाचं काम आहे. आत्ता करायचं?"

मी उद्या म्हणालो. त्यांनी यंत्र तात्पुरतं उघडून दिलं आणि म्हणाल्या, "काका, वेळ आहे असं समजू नका."

त्या उद्याचे बरेच दिवस झाले. मी रोज जायचो आणि रोज त्यातलं काही करायचो नाही. शलाकाला कळलं, की ती सरांना बडोद्याला नेणार हे उघड होतं. तिनं न्यायलाच पाहिजे होतं. पण मग पाचव्या गल्लीतल्या त्या घराला कुलूप लागणार. मग वैजू फक्त आमच्या भिंतीवरच्या फोटोत राहणार. मी मनाशी हिशेब घालायचो. सर जेवतात, चालतात, जुनं सगळं आठवतं, दुःख काही नाही. उलट ज्याला दुःख आठवत नाही त्याला ते कशाला द्यायचं? हा हिशेब मला रोज पटायचा आणि सरांच्या घरून निघालो की पटायचा नाही.

एका दुपारी सर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. पान उलटत नव्हते. मी यंत्राशी उगीच काहीतरी करत होतो. ते म्हणाले, "जयवंत, एक विचारू? तू रोज मशीन दुरुस्त करतोस. मला वाटतं मशीन बिघडलेलं नाही."

"मग?"

"सकाळी मी दात घासले की नाही हे ब्रश ओला आहे का बघून ठरवतो. परवा शलाकाशी काय बोललो ते आठवत नाही. परवा बोललो का, तेही आठवत नाही. माझं काही बिघडलंय का?"

मी म्हणालो, "तसं काही नाही सर. मशीनच जुनं झालंय."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोराकडे बघावं तसं. मग पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "बरं. मी वैजूला विचारतो. ती खोटं बोलत नाही."

घरी आलो. मला ते वाक्य बाजूला ठेवता येईना. वैजू खोटं बोलत नसे हे खरं होतं. दवाखान्यात तिनं डॉक्टरांना माझ्यासमोर विचारलं होतं, किती दिवस, आणि त्यांनी सांगितल्यावर मला म्हणाली होती, ऐकलंस ना, आता उगाच दुसरीकडं दाखवायला नेऊ नकोस. सरांना कुणी खरं सांगावं, तर ते काम तिचं. ती नव्हती, आणि मी तिला बाजारात पाठवून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. पल्लवीबाईंना फोन लावून ठेवला आणि सरांना म्हणालो, "मला एक उतारा टाईप करायचाय. मशीनला माझा हात दाखवायचाय."

सर खूश झाले. खुर्ची सोडली, माझ्या मागं येऊन उभे राहिले. पडद्यावर उतारा होता, पण त्यांनी तो बघितलाही नाही. "मी सांगतो तो घे," म्हणाले, आणि परीक्षेच्या आवाजात सांगायला लागले. "महोदय. स्वल्पविराम. उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की."

पल्लवीबाई फोनवरून म्हणाल्या, चालेल, काहीही चालेल.

मी दोन बोटांनी सुरुवात केली. सर मागून म्हणाले, "डावी करंगळी काय भाड्यानं दिलीस?" मी करंगळी ठेवली. "दाबू नकोस. कळ म्हणजे बोल्ट नव्हे. टेकायचं आणि सोडायचं. मान वर. कळांकडं बघायचं नाही. वैजूला मी पट्टी मारली होती कळांकडं बघते म्हणून."

"कधी?"

"पहिल्याच आठवड्यात. तिनं दुसऱ्या दिवशी पट्टी लपवून ठेवली. अजून सापडली नाही."

हे मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत तिनं कधी सांगितलं नव्हतं. मी टाईप करत राहिलो. अख्खं सरकारी पत्र त्यांना पाठ होतं, एकाही शब्दाला अडले नाहीत. माझ्या कळांना त्यांनी एकदाही हात लावला नाही. त्या अर्ध्या तासात मी जेवढं टाईप केलं तेवढं यंत्राला माझा हात कळायला पुरलं. पल्लवीबाई म्हणाल्या, झालं, तुम्हाला बाहेर काढलं. आता त्यांना बसवा.

सर बसले. तेच पत्र त्यांनी सुरू केलं. त्यांची बोटं मी इतक्या जवळून कधी बघितली नव्हती. कळांवरून पाणी गेल्यासारखी जात होती. मग वाक्य संपलं आणि हात उचललेलेच राहिले. मी मागं उभा होतो. मनात दहादा आलं, की पुढचा शब्द सांगावा, नाहीतर माउस तरी सरकवावा. मी हात पाठीमागं बांधून घेतले. सर परत सुरू झाले, परत थांबले. एक वाक्य त्यांनी दोनदा घेतलं आणि दुसऱ्यांदा घेतो आहोत हे त्यांना कळलं नाही.

पडद्यावर अक्षरं आली. हाताच्या ठेवणीत बदल आढळला आहे. जवळच्या व्यक्तीला कळवले आहे.

सरांनी चष्मा सारखा करून वाचलं.

"नापास?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "हो सर."

ते खुर्चीत मागं टेकले. चेहऱ्यावर भीती नव्हती. पुष्कळ दिवस अडकलेला निकाल लागल्यासारखे दिसत होते. म्हणाले, "बरं झालं कुणीतरी सांगितलं." मग जरा वेळानं माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाले, "वैजूला एवढ्यात सांगू नकोस. ती रडेल."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. शलाकाचा होता.

ती दुसऱ्याच दिवशी आली. अंगणात मला बाजूला घेऊन तिनं सगळं विचारलं आणि मी सगळं सांगितलं. मिसळलेल्या हाताचं तिनं ऐकून घेतलं. ते नकळत झालं होतं. पण ती हुशार मुलगी आहे. तिनं विचारलं, "मदतकेंद्रानं तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही हे काल केलंत, यांच्या मधे किती दिवस गेले, काका?"

मी म्हणालो, गेले.

"बाबा तुमचे कोणी नव्हते का?"

तिनं सामान बांधलं. कॉम्प्युटर नेला नाही. निघताना सर रिक्षात बसून मला म्हणाले, "गुरुवारी ये." शलाकानं दुसरीकडं बघितलं.

औषध लागू पडलं. उशीर झाला होता, पण फार नव्हता. शलाकानं हे मला फोन करून सांगितलं, तो तिचा चांगुलपणा. डॉक्टर म्हणाले आहेत, की मागचं अर्धं वर्ष कोरंच राहील, ते कुठं नोंदलंच गेलं नाही. पण इथून पुढचं राहील. सरांना आता काल काय जेवलो ते सांगता येतं. नातीच्या मैत्रिणींची नावं त्यांनी पाठ केली आहेत. बडोद्याच्या त्या घरात सगळे मिळून टाळ्या वाजवतात, असं ती म्हणाली.

दर रविवारी मी सरांशी बोलतो. गेल्या वेळी मी कारखान्याच्या नव्या बॉयलरची गोष्ट काढली, तर ते म्हणाले, "हे तू मागच्या रविवारी सांगितलंस. तुझं काही बिघडलंय का, फिटर?" आणि मोठ्यानं हसले. मीही हसलो. मग त्यांनी विचारलं, वैजू फोनवर का येत नाही. मी म्हणालो, कामात आहे. ते म्हणाले, "जयवंत, मागच्या वेळीही कामात होती." आणि थांबले. ते थांबणं आजारातलं नव्हतं. ते वाट बघत होते. मी लाईट गेल्याचं निमित्त केलं आणि फोन ठेवला.

शलाकाचं म्हणणं असं, की हे तिनं सांगण्यापेक्षा मी सांगावं. डॉक्टरांचंही तेच मत आहे. आता एकदाच सांगावं लागेल, ती म्हणते, पुन्हा पुन्हा नाही. एकदा सांगितलं की त्यांना ते कायमचं माहीत होईल. माझ्यासारखं.

बडोद्याच्या गाडीचं तिकीट मी काढलं आहे. सरांशी काय बोलायचं ते ठरवलं आहे. चार शब्दांचंसुद्धा नाही ते.

अजून सांगितलेलं नाही.